लेकींकडची वंशावळ

अंग सुजण्याच्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकारावरची परिषद मुंबई-बंगळूरला शोभली असती, हिरण्यकेशीकाठच्या संकेश्वरात, मिरचीच्या गावात कशाला, असं काहींनी बोलून दाखवलं. मला ते पटत नाही. औषध शहरातून येईल. पण निदानाची सुरुवात तालुक्याच्या दवाखान्यातच व्हायला हवी, कारण त्यासाठी लागणारी माहिती इथल्या घराघरांत आहे.

हेरेडिटरी अँजिओएडेमा हे या आजाराचं नाव. विल्यम ऑस्लर यांनी १८८८ साली एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांत तो नोंदवला. त्यामागे सी-१ इनहिबिटर या प्रथिनाची उणीव असते, हे १९६३ साली कळलं. हे प्रथिन अपुरं किंवा निकामी असलं की ब्रॅडिकायनिन बेसुमार तयार होतं, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि ओठ, हात, आतडी, कधी घसा सुजतो. आपल्याकडे ओठ सुजला की ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी लावतात. दवाखान्यात ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळतं. गांधी उठल्या असतील तर ते योग्यच. पण या आजारात ना गांधी असतात ना खाज, आणि त्या इंजेक्शनांचा उपयोगही होत नाही. दोन-चार दिवसांनी सूज आपोआप उतरते आणि श्रेय भलत्याच औषधाला जातं, नाहीतर अंगाऱ्याला. आतडी सुजली तर अपेंडिक्स समजून पोट उघडलं जातं. घसा सुजला तर माणूस गुदमरतो, आणि असे मृत्यू निदान न झालेल्या रुग्णांत कितीतरी अधिक दिसतात.

दुर्मीळ आजारासाठी एवढा खटाटोप का, हा आक्षेप रास्त वाटतो. जगभरचा ढोबळ अंदाज पन्नास हजारांत एक असा आहे. २०११च्या जनगणनेनुसार बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ८६ लाखांवर होती. हिशेब केला तर दीडशेहून अधिक रुग्ण याच पट्ट्यात असावेत. शिवाय हा आजार एकट्यादुकट्याचा नसतो. आई किंवा वडील, कुणा एकाला असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी. एक रुग्ण सापडला की सारा गोतावळा तपासायचा असतो.

इथेच सीमाभागाची खरी अडचण आहे. आपल्याकडे हेळवी घराण्यांच्या पिढ्या मुखोद्गत सांगत आले. पण त्या वंशावळीत लेकींचा पुढचा विस्तार सहसा नसतो. लेक गडहिंग्लजला, नात चंदगडला दिलेली. त्यांचे केसपेपर महाराष्ट्रात, भावाचे कर्नाटकात. दोन्हीकडची डॉक्टर मंडळी निम्मंच घराणं पाहतात. (सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, रक्तातल्या जनुकाने तो कधीच मानलेला नाही.) सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, हे खरं, त्यांच्या बाबतीत घराणं विचारून हाती काही लागणार नाही. म्हणून वारंवार सुजणाऱ्या, गांधी नसलेल्या रुग्णाची सी-४ या प्रथिनाची साधी रक्ततपासणी करावीच. ते कमी आलं, तर सी-१ इनहिबिटरचं प्रमाण आणि कार्य मोठ्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं.

घरातल्या साऱ्यांची तपासणी केली तर मुलींची लग्नं अडतील, ही भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. अहवाल गुप्त राहिलाच पाहिजे. पण न तपासलेल्या मुलीला पुढे इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा तिच्या वडिलांना रक्तदाबासाठी रॅमिप्रिल दिलं जाईल, आणि दोन्हींनी सूज बळावते. दाढ काढणंसुद्धा घशावर बेतू शकतं.

उरला खर्च. इकाटिबँटचं इंजेक्शन आणि सी-१ इनहिबिटर महाग आहेत, यात वाद नाही. डॅनाझोल स्वस्त, पण लहान मुलांना शक्यतो टाळायचं आणि गरोदरपणी वर्ज्यच. बायकांना दाढीमिशा फुटण्याचा, आवाज घोगरा होण्याचा त्रास त्याने होतो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा गुण बेताचाच. खरं औषध हाताशी नसेल तेव्हा गोठवलेला ताजा प्लाझ्मा हा पर्याय, तोही श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवूनच. मात्र निदानच नसेल तर यातलं काहीच आठवणार नाही, आणि रुग्णांची यादीच नसेल तर कुठल्याही सरकारकडे औषध मागायचं कशाच्या बळावर? ती यादी दोन्ही राज्यांची मिळून, लेकींच्या सासरांसकट, कशी करायची हे पहिल्या सत्रात ठरवावं, अशी अध्यक्षांना विनंती करून मी त्यांना सूत्रं हाती घेण्यास सांगतो.