सातासमुद्रांपलीकडचे बिऱ्हाड



परदेश म्हटला की पूर्वी आपल्या डोळ्यांपुढे विलायत उभी राहायची. पुढे अमेरिका आली, मग आखातातले देश आले. आमच्या शिरगाव-बदलापूरकडे आज कोणाचा मुलगा दुबईला आहे म्हटले तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पण तोच मुलगा म्हणाला, की मी ब्राझीलला जातो, अर्जेंटिनाला जातो, तर घरातली वडीलधारी माणसे विचारात पडतात. नकाशात तो मुलूख शोधायचा तर बोट खाली, आणखी खाली न्यावे लागते. तिथली भाषा स्पॅनिश, नाही तर पोर्तुगीज. आपल्याकडे पौषाची थंडी पडते तेव्हा अर्जेंटिनात ऐन उन्हाळा. आणि अडीअडचणीला धावून येईल असे ओळखीचे तिथे कोण?

आता गंमत अशी, की आपण तिकडे गेलो नाही, पण तिकडची मंडळी आपल्याकडे येऊन चार शतके झाली. मिरची तिकडची. बटाटा, टोमॅटो, भुईमूग, पपई, अननस, मका, सगळे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून यातले पुष्कळसे आपल्या किनाऱ्याला लागले. 'काजू' हा शब्दसुद्धा मुळात ब्राझीलमधल्या आदिवासींच्या तुपी भाषेतला; पोर्तुगीजांच्या तोंडून तो गोव्यात आणि कोकणात आला. आज मिरची परकी आहे असे कोणा गृहिणीला सांगून पाहा, ती तुम्हालाच वेड्यात काढील. एखादे रोप परक्या मातीत इतके रुजते, की त्याचे मूळ गाव कोणाच्या ध्यानातही राहत नाही. माणसाचे असे होते का? माणूस परक्या मुलखात रुजतो तो कशाने? आजच्या भाषणात मला याचाच विचार करायचा आहे.

आपल्या देशातली माणसे दक्षिण अमेरिकेत गेली, ती फार मोठ्या संख्येने गेली. पण ती मराठी नव्हती. १८३८ साली 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही दोन जहाजे कलकत्त्याहून मजूर घेऊन ब्रिटिश गयानात पोचली. १८७३ साली 'लल्ला रुख' नावाचे जहाज सुरीनामच्या पारामारिबो बंदरात लागले. उसाच्या मळ्यांवर पाच वर्षांचा करार करून ही माणसे नेली जात. त्यांतली बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. गयानात दोन लाखांहून जास्त माणसे गेली, सुरीनामात चौतीस हजारांच्या वर. सुरीनामची सुमारे एक तृतीयांश माणसे करार संपल्यावर परत आली, बाकीची तिथेच राहिली. त्यांच्या पणतवंडांची 'सरनामी' बोली ऐकली तर भोजपुरी माणसाला आजही त्यात आपल्या घरचे शब्द सापडतात. एकाच जहाजातून आलेल्यांनी एकमेकांना 'जहाजी भाई' मानले आणि ते नाते सख्ख्या नात्यासारखे पाळले. मोठा समूह असला म्हणजे हे जमते. देऊळ बांधता येते, सोयरीक जुळवता येते, होळी पेटवता येते.

पण एकटाच माणूस गेला तर? मराठी माणसाच्या बाबतीत मला जे उदाहरण ठाऊक आहे ते अशा एकट्या माणसाचे आहे. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. ते गेले मेक्सिकोला. भूगोलाचे शिक्षक लगेच म्हणतील, मेक्सिको उत्तर अमेरिकेत मोडतो. बरोबर आहे. पण भाषेने, धर्माने आणि इतिहासाने त्या देशाचे गोत्र दक्षिणेकडचे. तेव्हा नकाशावरची रेघ आज आपण जराशी बाजूला ठेवू.

खानखोजे मूळ वर्ध्याचे. १८८० च्या दशकातला जन्म, आणि शाळेत असतानाच डोक्यात स्वातंत्र्याचे वेड. १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला तो लष्करी शिक्षण मिळवायचे म्हणून. जपानहून ते अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी दोन विद्या धरल्या: एक बंदुकीची, दुसरी शेतीची. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत ते शेतकी शिकले. १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली, तिच्या पहिल्या फळीत ते होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी ते इराणात गेले, मुसलमानी नावाने वावरले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. मग बर्लिन, मग मॉस्को. त्यांच्या आयुष्याचा हा भाग सांगायला बसलो तर आजची वेळ त्यातच संपेल, म्हणून तो मी आवरता घेतो. शेवटी झाले ते असे, की इंग्रजांच्या राज्यात परत येण्याची वाट बंद झाली आणि १९२४ साली हा माणूस मेक्सिकोत उतरला. वय चाळिशीच्या घरात. घरदार नाही, गाठीला पैसा नाही.

त्या वेळचा मेक्सिको कसा होता, तेही बघायला हवे. १९१० साली तिथे क्रांती सुरू झाली होती आणि तिचे मुख्य मागणे जमिनीचे होते. मोठमोठ्या जमीनदारांच्या हाती हजारो एकर, आणि राबणाऱ्याच्या हाती काही नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात ज्यांनी कूळकायद्याच्या आधीचे दिवस घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असतील, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. १९१७ च्या घटनेने जमीन गावांना परत देण्याची तरतूद केली. चापिंगो नावाच्या गावी एका माजी राष्ट्राध्यक्षाची प्रचंड जहागीर होती, तिथे सरकारने राष्ट्रीय शेतकी शाळा आणली. जमिनीकडून पीक घ्यायला शिकवायचे, माणसाला पिळायला नव्हे, अशा अर्थाचे त्या शाळेचे ब्रीद आहे. याच शाळेत खानखोजे प्राध्यापक झाले.

आता इथे थोडे थांबू. बाहेरून आलेला माणूस, गावच्या शेतकऱ्याला शेती शिकवणार, आणि तीही त्याच्या घरच्या पिकाची! मका हे मेक्सिकोचे नुसते पीक नाही. आपल्याकडे देशावर ज्वारी आणि कोकणात भात, तसा तिथे मका. किंबहुना त्याहूनही अधिक, कारण तो पहिल्यांदा पिकवला गेला तोच त्या देशात. तिथल्या घरात तो कसा रांधतात पाहा. मक्याचे दाणे चुन्याच्या निवळीत शिजवतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी धुऊन, टरफले चोळून काढून, दगडी पाट्यावर वाटतात. पाट्याला त्यांचा शब्द 'मेताते'. आपल्या पाट्याला नसतात ते तीन पाय त्याला असतात, एवढाच काय तो फरक. मग हातावर थापून तव्यावर भाजलेली पातळ भाकरी, तिला म्हणतात 'तोर्तिया'. सोबत मिरचीचा ठेचा. वऱ्हाडातला माणूस त्या ताटावर बसला तर त्याला उपाशी उठावे लागणार नाही.

त्या चुन्याची गोष्ट मोठी शिकण्यासारखी आहे. मक्यात 'नायसिन' नावाचे एक जीवनसत्त्व असते, पण ते अशा रूपात असते की पोटाला लागत नाही. चुन्याने ते मोकळे होते. युरोपने मका नेला, पण चुन्याची कृती नेली नाही. त्यामुळे इटलीसारख्या देशात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना 'पेलाग्रा' हा रोग जडला. कातडी फुटायची, बुद्धी भ्रमायची. म्हणजे बी उचलून आणले तरी ज्या बायकांना ते रांधायचे कसे हे ठाऊक होते, त्यांना कोणी विचारले नाही. परक्या मुलखात राहायला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे असे मला वाटते. तिथल्या माणसाला काय येते, ते आधी विचारावे.

खानखोज्यांनी काम हाती घेतले ते या मक्याचेच. मक्याची चाल जरा निराळी आहे. नर फुलोरा वर शेंड्याला तुऱ्यात असतो, मादी फुले खाली कणसात. कणसाचे जे केस आपण ओढून टाकतो, तोच पराग धरणारा भाग. वाऱ्याने कोणाचाही पराग कोणावरही पडतो. म्हणून संकर करायचा तर तुऱ्याला आणि कणसाला पिशव्या बांधायच्या, हव्या त्या झाडाचा पराग हव्या त्या कणसावर हाताने टाकायचा, आणि पुढच्या हंगामापर्यंत वाट बघायची. एक वर्ष, दोन वर्षे, दहा वर्षे. 'तेओसिंते' नावाचे एक रानगवत मेक्सिकोत उगवते, ते मक्याचे मूळपुरुष. त्याच्याशी मक्याचा संकर करून पाहण्याचे प्रयोग खानखोज्यांनी केले. दुष्काळाला आणि कडक थंडीला टिकतील अशा गव्हाच्या जाती निवडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हिवाळ्यात पिकावर दहिवर गोठते. मक्याच्या जातींवर त्यांनी पुस्तिका लिहिल्या त्या स्पॅनिशमध्ये. चाळिशीत शिकलेल्या भाषेत ग्रंथ लिहायचा म्हणजे काय, हे ज्याने परकी भाषा वयात आल्यावर शिकून पाहिली आहे त्याला विचारावे.

पण मला विशेष वाटते ते त्यांच्या शाळांचे. चापिंगोत शिकायला येणारी मुले थोडी. ज्याला नुकतीच जमीन मिळाली होती, तो शेतकरी शाळेत कुठून येणार? मग शाळाच त्याच्याकडे नेली. 'मोकळ्या शेतकी शाळा' असे त्यांच्या नावाचे मराठी करता येईल. गावात जाऊन, फी न घेता, शेतकऱ्यांना बियाणे, माती, पेरणी यांचे ज्ञान द्यायचे. अशीच एक शाळा ओकोपुल्को गावी होती, तिला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाता याचे नाव दिले होते. १९२८ साली तीना मोदोत्ती या इटालियन बाईने या कामाची छायाचित्रे काढली. ती छायाचित्रे आज जगात नावाजलेली आहेत. त्यांतला शिक्षक वर्ध्याचा आहे, हे मात्र आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत.

या मोदोत्तीबाईंचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९३० मध्ये त्यांना मेक्सिकोतून हद्दपार केले गेले. तिथल्या घटनेच्या ३३ व्या कलमाने परकीयाला देशाच्या राजकारणात पडायची मनाई आहे, आणि नको असलेल्या परकीयाला बाहेर घालवण्याचा अधिकार सरकारला आहे. परदेशात किती का वर्षे राहा, पायाखालची जमीन अशी कधीही सरकू शकते. खानखोजे हे तर अंगाखांद्यावर क्रांती वागवलेले गृहस्थ. तरी ते तीसएक वर्षे तिथे राहिले. १९३६ साली त्यांनी जेन सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केले. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. घरात किती भाषा बोलल्या जात असतील, ते तुम्हीच मनाशी मोजा.

मेक्सिकोने त्यांना आपले मानले याची खूण एका भिंतीवर आहे. दिएगो रिव्हेरा हा त्या देशाचा सर्वांत मोठा भित्तिचित्रकार. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत त्याने चित्रे काढली, त्यांतल्या एकाचे नाव 'आमची भाकर'. टेबलाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे, मुले बसली आहेत आणि मधोमध एक पुरुष भाकर मोडतो आहे. त्या पुरुषाचा चेहरा खानखोज्यांचा आहे. आपल्या देशाची भाकर वाढणारा म्हणून चित्रकाराला दुसऱ्या मुलखातला माणूस घ्यावासा वाटला! मला यात सगळे आले असे वाटते. लोकांच्या ताटात जे रोज पडते, त्याच्यासाठी हा माणूस राबला. आणि म्हणून त्याला घरात जागा झाली. निवासाचा परवाना सरकार देते, ही जागा मात्र शेजारी देतात.

आज दक्षिण अमेरिकेला जाणारा मराठी मुलगा शेतात जात नाही, हे मला ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सीने २००२ साली उरुग्वेमध्ये माँतेव्हिदेओ शहरात कचेरी उघडली, तेव्हापासून संगणकाच्या कामासाठी तिकडे जाणारे आहेत. त्यांना पगार बरा असतो, घर मिळते. कामापुरते इंग्रजी चालून जाते. भाजीवालीशी, घरमालकिणीशी, मुलाच्या मास्तरांशी मात्र चालत नाही. शाकाहारी माणसाचे अर्जेंटिनात जेवणाचे हाल होतात म्हणतात. तो देश गोमांसाचा. पण घेवडा, मका, बटाटा, भोपळा, मिरची ही सगळी त्याच खंडाची देणगी. तेव्हा स्वैपाक येत असला की निभते. जाणाऱ्याने सहा महिने आधी स्पॅनिशचे धडे घ्यावेत, एवढे एकच मी आमच्या मुलांना सांगत असतो.

खानखोज्यांना जाण्यापेक्षा परत येणे अवघड गेले. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. आता कशाची अडचण? पण इंग्रजांनी त्यांच्यावर घातलेली बंदी सरकारदप्तरी तशीच राहून गेली होती. ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडले, त्या स्वतंत्र देशात शिरण्याची परवानगी त्यांना पहिल्यांदा नाकारली गेली. ही अडचण पुढे दूर झाली आणि ते कुटुंब घेऊन नागपूरला येऊन राहिले. पत्नी बेल्जियमची, मुली मेक्सिकोत जन्मलेल्या. आता परके होण्याची पाळी त्यांची होती. थोरल्या मुलीने, सावित्रीबाईंनी, पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात खानखोज्यांचा पुतळा उभा राहिला; आपल्या लोकसभेचे अध्यक्ष त्याच्या अनावरणाला गेले होते.

काही जण उत्साहाच्या भरात सांगतात, की हरित क्रांती खानखोज्यांनीच केली. तसे म्हणू नये. नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत आले, आणि बुटक्या गव्हाचे काम त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे. त्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आपल्या सरकारने १९६६ साली मेक्सिकोहून मागवले. पंजाबात ते पेरले गेले. त्या वेळी खानखोजे नागपुरातच होते. २२ जानेवारी १९६७ रोजी ते वारले, तेव्हा तो गहू शेतात उभा होता.