आकड्याआधी नाडी



 जिल्ह्याच्या गावी फिजिशियन म्हणून मला तीस वर्षे झाली. आज बोलणार आहे तो विषय रोज सकाळी आपल्या सर्व डॉक्टरांच्या टेबलावर येतो. रुग्ण खुर्चीवर टेकतो आणि हात पुढे करण्याआधी रिपोर्ट पुढे करतो. “डॉक्टर, ड जीवनसत्त्व बारा आलंय. छातीत धडधडतं ते त्यानंच ना?”

या प्रश्नाला नीट उत्तर देणे आपले कर्तव्य आहे. धडधडीमागचा एक गंभीर विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, म्हणजे कर्णिकांचे आकुंचन एकसंध राहत नाही. त्या नुसत्या थरथरतात. नाडी बेताल होते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत हा विकार अधिक दिसतो, असे काही निरीक्षणांत आढळले. तेव्हा ड दिले तर ठोके सुधारतील, अशी आशा वाटणे साहजिक होते.

ती आशा अमेरिकेत ‘व्हायटल’ चाचणीने तपासली. पूर्वी हा विकार नसलेल्या 25,119 जणांची पाच वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. काहींना रोज 2,000 युनिट ड, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. 2021 साली निष्कर्ष आले: 900 जणांना विकार जडला, आणि ड घेतल्याने त्यात घट झाली नाही. पुढे 2023 मध्ये फिनलंडमधून उलटा सूर उमटला. तिथल्या 2,495 ज्येष्ठांत रोज 1,600 युनिट घेणाऱ्यांत हा विकार 27 टक्क्यांनी, तर 3,200 युनिट घेणाऱ्यांत 32 टक्क्यांनी कमी आढळला. पण तिथे एकूण रुग्ण होते अवघे 190, आणि ती चाचणी मुळात ठोक्यांसाठी आखलेली नव्हती. फिनलंडचा निष्कर्ष आपण जपून ठेवू, पुन्हा तपासला जाण्याची वाट पाहू. त्याच्या भरवशावर आज चिठ्ठी लिहिता येणार नाही.

मग कमी ड आणि बिघडलेले ठोके जोडीने का दिसतात? दारातल्या उन्हात येऊन बसण्याचीही ताकद ज्याच्यात उरली नाही, त्याचे ड खाली जाणारच. वय वाढलेले, वजन वाढलेले, मूत्रपिंड थकलेले. अशा माणसाच्या ठोक्यांना बिघडायला दुसरी कारणे पुष्कळ असतात. रिपोर्टातला आकडा पुष्कळदा त्याच्या एकूण प्रकृतीची खूण असतो. हाडे दुखत असतील, स्नायूंत जोर नसेल, तर कमतरता जरूर भरून काढा. पण त्याने धडधड थांबेल, असे वचन देऊ नका.

आणि जास्त झाले तर? इथे मला माझी एक चूक आपल्यासमोर मांडायची आहे. काही वर्षांपूर्वी सांधेदुखीसाठी आलेल्या एका आजींना मी 60,000 युनिटची पुडी लिहून दिली, आठवड्याला एक. चिठ्ठी इंग्रजीत होती आणि बाहेर गर्दी होती. समजावून सांगायचे राहून गेले. आजींनी ती पुडी रोज रात्री दुधातून घेतली. संपली की त्याच चिठ्ठीवर दुकानातून आणखी आणली. अडीच महिन्यांनी सुनेने त्यांना आणले तेव्हा उलट्या थांबत नव्हत्या, बोलणे असंबद्ध झाले होते, रक्तातले कॅल्शियम चौदाच्या वर गेले होते. प्रत्येक ठोका उमटतो तो कॅल्शियमच्या ये-जा करण्याने; ते इतके वाढले की हृदयाची लय धोक्यात येते. सलाईन आणि आठ दिवसांच्या देखरेखीने आजी वाचल्या. त्या दिवसापासून मी पुडीचा वार मराठीत लिहितो: “दर रविवारी एक. आठ रविवार. मग बंद.”

मित्रहो, ड भोवती एवढी चर्चा होते. पण ठोके बिघडलेल्या माझ्या रुग्णांच्या जिवाशी ज्याचा थेट संबंध आहे, ते जीवनसत्त्व वेगळेच आहे. ते म्हणजे ‘के’. लहानपणीच्या सांधेज्वराने ज्यांची झडप आकसली आहे, असे रुग्ण आपल्या भागात आजही येतात. त्यांत तरुण बायाही पुष्कळ. त्यांच्या डाव्या कर्णिकेत रक्त साचते आणि तिथे गुठळी धरते. रक्त गोठवणारे चार घटक तयार व्हायला ‘के’ लागते. रक्त पातळ करणारी जुनी गोळी त्या ‘के’चेच काम अडवते. नव्या गोळ्यांनी ‘के’कडे लक्ष ठेवण्याची कटकट संपेल, असे वाटले होते. पण संशोधक कॉनोली आणि तेव्हा दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये असलेले गणेशन कार्तिकेयन यांच्या पुढाकाराने 24 देशांत झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने 2022 मध्ये दाखवले, की सांधेज्वरातून आलेल्या या विकारात जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. म्हणजे जुनी गोळी आपल्याला सोडता येणार नाही, आणि ‘के’चा हिशेब ठेवावाच लागणार.

हा हिशेब स्वयंपाकघरात होतो. जुनी गोळी घेणाऱ्या माझ्या एका शेतकरी रुग्णबाईंचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, दर हिवाळ्यात खाली यायचा आणि वैशाखात वर चढायचा. हवा तो दोन ते तीनच्या दरम्यान. मी डोस बदलत राहिलो. अखेर एकदा विचारले, “ताई, जेवता काय?” त्या म्हणाल्या, “थंडीत मेथी, हरभऱ्याचा पाला. रानात असतंच की. उन्हाळ्यात कुठली भाजी? पिठलं नाहीतर मटकी.” माझे कोडे त्या एका वाक्यात सुटले. पालेभाजीत ‘के’ भरपूर असते. भाजी वाढली की गोळीचा जोर उतरतो, भाजी आटली की जोर चढून रक्तस्रावाची भीती. आपल्यापैकी अनेकजण अशा रुग्णांना पालेभाजी बंदच करायला सांगतात. गरिबाच्या ताटातली ती सर्वांत स्वस्त पौष्टिक वस्तू आहे, ती काढून घेऊ नका. आठवड्याला खायची तेवढी बारा महिने खा, असे सांगा. आणि हंगाम बदलला की आयएनआर करा.

म्हणून या व्यासपीठावरून माझे आपल्याला तीन आग्रह आहेत. पहिला, धडधडीची तक्रार घेऊन आलेल्याची नाडी पूर्ण एक मिनिट पाहा. बेताल लागली तर त्याच दिवशी ईसीजी काढा. दुसरा, जीवनसत्त्वांच्या महागड्या तपासण्यांआधी थायरॉइड, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहा; वर्षानुवर्षे पित्ताची गोळी घेणाऱ्यांत मॅग्नेशियम घसरू शकते आणि त्याने ठोके बिघडतात. तिसरा, औषधाचा वार आणि मुदत रुग्णाच्या भाषेत लिहा, आणि ते त्याच्याकडून एकदा वाचून घ्या.

त्या ताई आता शाळेच्या वहीत आयएनआर लिहून आणतात. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्याची भाजी असते. गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांचा आकडा दोनच्या खाली गेलेला नाही. आपल्या प्रत्येक दवाखान्यात अशी एखादी वही सुरू झाली, तर ही परिषद भरवल्याचे सार्थक होईल.