गाडी नवी, गाडी जुनी आणि गाडी विजेची



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. आम्ही नववीतून शाळा सोडली. पुढले शिक्षण लेथवर, द्वारसभांत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. संयोजकांनी मोटारीवर बोला म्हटले, त्याचा आम्हांला आनंदच झाला. वेतनकरारावर बोलायचे असते, तर आपले मत आमच्याविषयी आधीच ठरलेले असते. मोटारीचे वेड मात्र आम्हांस लहानपणापासून आहे.

ते लागले मामांच्या टॅक्सीमुळे. गाडी कुर्ल्याला तयार झालेली, वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. तिच्या आधीच्या फियाटला मुंबईकर प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. मामांची पद्मिनी दादरला बंद पडली तर दादरलाच चालू होई. बॉनेट उघडावे, चार पाने काढावेत, काय बिघडले ते डोळ्यांना दिसे. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. त्या दिवशी आम्हांला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

आता नव्या गाडीविषयी. शोरूममधला हार, पेढे, किल्लीबरोबरचा फोटो, हे सगळे आम्हांलाही आवडते. पण विमा उतरवताना गाडीची किंमत ज्या कोष्टकाने धरतात ते पाहावे. वर्ष उलटले की शंभराचे ऐंशी धरतात. चार वर्षे उलटली की पन्नास. हप्ते मात्र शंभरावरचे चालू असतात. ज्याचे रोजचे शंभर किलोमीटर धावणे आहे त्याने जरूर नवी घ्यावी. रविवारी देवदर्शनाला जाणाराने दुसऱ्याला ती घट सोसू द्यावी.

म्हणून आमची शिफारस जुन्या गाडीची, आणि इथे थोडे सविस्तर बोलू. जुनी गाडी सकाळी पाहायला जावे, इंजिन थंड असताना. विकणाराने आधीच गरम करून ठेवली असेल तर समजावे की थंडीत ती कुरकुर करते. सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. टायर एकाच कडेने झिजले असतील तर चाकांची बैठक बिघडली आहे, किंवा गाडी कुठेतरी आदळली आहे. डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा. वेल्डिंगची वेडीवाकडी रेघ दिसली की नमस्कार करून निघावे. रंगाला भुलू नये, रंग कोणीही देतो. कागदपत्रांत बँकेचा बोजा उतरला आहे का आणि दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. आणि मेकॅनिक आपला न्यावा. त्याला पाचशे रुपये देताना हात आखडणारे पुढे पन्नास हजार घालवताना आम्ही पाहिले आहेत.

विजेची गाडी नवी आहे असे लोक समजतात. पेट्रोलची गाडी रांगत होती तेव्हा ती धावत होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने विजेच्याच गाडीतून ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली. पेट्रोलची गाडी त्या काळी हँडल मारून सुरू करावी लागे आणि हँडल उलटले तर मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅकला केटरिंगने विजेचा स्टार्टर बसविला आणि ती कटकट गेली. म्हणजे विजेच्या गाडीला मागे टाकण्यात विजेच्याच एका छोट्या मोटरचा हात होता! आमच्याकडे बंगळूरची रेवा २००१ मध्ये आली, लोक हसले. आज हसत नाहीत.

आम्ही विजेची गाडी चालवून पाहिली आहे. गिअर नाही, क्लच नाही, आवाज नाही. पाय ठेवताच ओढ. पेट्रोलमधली जेमतेम पाव-तृतीयांश ताकद चाकापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटरीत बहुतेक सगळी पोचते. वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाची आहे हा आक्षेप खरा, पण धूर गल्लीतल्या मुलांच्या नाकात तरी जात नाही. शहरातल्या शहरात फिरणाराला, घरी चार्जिंगची सोय असेल तर, आम्ही तीच सांगू. मात्र जुनी विजेची गाडी घेणार असाल तर इतर सगळे सोडून बॅटरीची किती ताकद उरली ते लेखी घ्यावे. गाडीच्या किमतीचा मोठा वाटा तिथेच आहे.

हे सांगताना आमचा आवाज थोडा अडखळतो. भोसरीच्या ज्या कारखान्यात आमची युनियन आहे तिथे सायलेन्सर बनतात. विजेच्या गाडीला सायलेन्सर नसतो. गेल्या दिवाळीनंतरच्या द्वारसभेत एका वेल्डरने विचारले, "दादा, तुम्ही स्वतः कोणती घ्याल?" खोटे बोलता आले असते. आम्ही म्हणालो, "विजेची." क्षणभर सगळे गप्प झाले. मग मागून कोणी म्हणाले, "मग आम्ही काय करायचं?"

असा प्रसंग पूर्वी येऊन गेला आहे. २००० साली प्रदूषणाचे नियम आले आणि कार्बुरेटर जाऊ लागला. कान लावून कार्बुरेटर जुळविणारे उस्ताद होते. काहींनी संगणकाची तपासणी शिकून घेतली, पुष्कळांनी गॅरेज मोडले. त्यांना शिकवायला कोणी आले नव्हते. आमच्याच ओळखीचा एक उस्ताद पुढे रात्रपाळीचा वॉचमन झाला. आज विजेच्या गाडीत केशरी रंगाच्या तारांतून तीनशे-चारशे व्होल्ट वाहतात. कोपऱ्यावरचा मिस्त्री बॉनेट उघडतो आणि हात मागे घेतो, कारण ते काम त्याला कोणी शिकविलेले नाही आणि तपासणीची यंत्रणा कंपनीच्या कुलपात आहे. ज्या गाडीला बनविणाराखेरीज कोणी हात लावू शकत नाही, ती आपण विकत घेतली की भाड्याने, असा आम्हांला प्रश्न पडतो.

म्हणून यंदाच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या वर आम्ही एक कलम घातले आहे: कारखान्याचे काम बदलण्यापूर्वी, कंपनीच्या खर्चाने आणि कामाच्या वेळेत, प्रत्येक कायम आणि कंत्राटी कामगाराला बॅटरीच्या पेट्या आणि मोटरीच्या कामाचे शिक्षण. पगारवाढ खाली गेली म्हणून काही सभासद रागावले. त्यांचा राग आम्हांला कळतो. व्यवस्थापनाने अद्याप होय म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. पुढली बैठक जूनमध्ये आहे. आमची स्वतःची गाडी २००६ सालची मारुती आठशे, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्या फेरनोंदणीची मुदत यंदा संपते. पुन्हा नोंदवून घेणार आहोत. बैठकीला तिच्यातूनच जाऊ.