लघवीची बाटली कोणाच्या हाती?
(कामगार प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



विषय ऐकून मागच्या रांगेत काहीजण हसले. हसण्याजोगाच आहे. पण या बाटलीवर उद्या तुमची नोकरी टांगली जाऊ शकते, म्हणून तो मुद्दाम घेतला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. दारू पिऊन इंजिनावर चढणाऱ्याची वकिली संघटनेने करू नये. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १७२ प्रमाणे कामावर नशेत असणे हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. वाद आहे तो वेगळाच. माणूस नशेत होता हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

साहेबाने वास घेऊन? १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तोंडाला वास येणे, पाय लडखडणे एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असे सिद्ध होत नाही. त्याचे रक्त किंवा लघवी तपासलेलीच नव्हती. म्हणजे तपासणी ही कामगाराची शत्रूच असते असे नाही. नीट झाली तर ती साहेबाच्या नाकापासून आपल्याला वाचवते.

पण नीट म्हणजे कशी? त्यासाठी अमेरिकेतले उदाहरण पाहू. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यात चेस येथे मालवाहू कंपनीची सुटी इंजिने सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीच्या वाटेत आली. १६ माणसे मेली. इंजिनावरच्या दोघांच्याही तपासणीत गांजाचा अंश निघाला. त्याचा खूप गाजावाजा झाला. मात्र त्या इंजिनांवर आपोआप गाडी थांबवणारे यंत्र नव्हते, आणि ते बसवण्याची सक्तीही कोणी केली नव्हती, हे चौकशी अहवालात असूनही मथळ्यांत कमीच आले. दोष कामगाराचा होताच. पण यंत्राचा खर्च वाचवणाऱ्याची लघवी कोणी तपासत नाही!

तिथल्या रेल्वे संघटना लघवी-तपासणीविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी हरल्या. तरीही एक मुद्दा पदरात पडला. कंपनी खासगी असली तरी सरकारी नियमाखाली घेतलेली तपासणी ही सरकारने घेतलेली झडतीच आहे, असे कोर्टाने मानले. पुढे १९९१ च्या कायद्यात अटी आल्या : मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, दुसऱ्या पद्धतीने खात्री, आणि नमुन्याचा एक भाग कामगारासाठी राखून ठेवणे.

टपालवाल्या मित्रांसाठीही सांगतो. बोस्टनच्या टपाल खात्यात नव्याने लागलेल्यांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. गांजाचा अंश निघालेल्यांत कामावरचे अपघात ५५ टक्के आणि दुखापती ८५ टक्के जास्त आढळल्या. हे आकडे आपण लपवू नयेत. पण नशाविरोधी प्रचारात त्याआधी जे सांगितले जात होते, त्या मानाने ते पुष्कळच कमी होते, हेही त्याच अभ्यासकांनी नोंदवले.

आता मुख्य मुद्दा. लघवी कालचे सांगते, आत्ताचे नाही. दारू फुंकून पाहिली तर या घडीची कळते. लघवीत गांजाचे अवशेष काही दिवस, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेही सापडतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात पानांची भांग गांजाच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे होळीला सरकारी परवान्याच्या दुकानातून घेतलेली भांग कायद्याला चालते, पण पट्टीवर ती गांजाच दिसते.

ही पट्टी आता कोणीही विकत घेऊ शकतो. घरात पोराची तपासणी करावी, तशी एखादा कंत्राटदार वीस मुलांना रांगेत उभे करून करू शकतो. तिची खूण उलटी असते : दोन रेघा उठल्या तर माणूस सुटला, एकच उठली तर संशय. फिकट रेघही रेघच धरायची असते. हे ठाऊक नसलेल्या सुपरवायझरच्या हाती ती गेली की संपलेच. ऑफ्लोक्सासिनसारख्या जुलाबावरच्या गोळीनेसुद्धा पट्टी अफूचा संशय दाखवू शकते. आणि खसखस! आपल्या अनारशावर थापलेली खसखस अफूच्याच झाडाची. तिच्यामुळे निर्दोष माणसे अडकू लागली म्हणून अमेरिकेने १९९८ साली अफूची मर्यादा एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली.

यंत्रे चुकतात हे आपल्याकडेही दिसले. २०२५ च्या फेब्रुवारीत तिरुवनंतपुरम विभागात लोको पायलट फुंकणीच्या यंत्रात दोषी निघू लागले, रक्ततपासणीत मात्र दारू सापडेना. तेव्हा होमिओपॅथीची औषधे, काही फळे, थंड पेये यांवर बंदीचे परिपत्रक निघाले. यंत्र तपासायचे सोडून केळ्यावर बंदी! ओरड झाली आणि ते मागे घ्यावे लागले.

म्हणून वाटाघाटीत मागायचे ते स्पष्ट मागा. पट्टीवर कोणतीही कारवाई नको. खात्री गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच, आणि तीही सरकारमान्य प्रयोगशाळेत. नमुना दोन बाटल्यांत, तुमच्यासमोर सील, सीलवर तुमची सही. निकाल आधी डॉक्टरकडे, मग साहेबाकडे. आणि बाटली हाती घेण्यापूर्वी गेल्या आठवड्यात घेतलेली सारी औषधे कागदावर लिहून द्या, त्या कागदाची पोच घ्या, डॉक्टरची चिठ्ठी घरी जपून ठेवा.