गाडीचे दिवे पिवळे पडले तर

आपल्याकडे आता आळीआळीला एखादी पिकअप, जीप किंवा मोटार उभी असते. तिच्या पुढच्या दिव्यांकडे कधी नीट पाहिले आहे काय? गाडी जुनी झाली की दिव्याची काच पिवळी, धुरकट होते. गाडीवाला म्हणतो, "बल्ब गेला असेल." तो जास्त ताकदीचा बल्ब घालतो. तरी रस्ता अंधाराच!

ऊसतोडणीच्या दिवसांत हे जिवावर बेतते. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही. बैलगाडी तर अंधारातच चालते. चांगल्या दिव्याला ती दुरून दिसते. धुरकट दिव्याला ती अगदी जवळ गेल्यावर दिसते. मग ब्रेक दाबून काय उपयोग? अमेरिकेत मोटारवाल्यांची एक मोठी संस्था आहे. तिने २०१८ साली असे दिवे तपासले. नव्या दिव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा उजेड त्यांतून पडत होता. रुपयातले वीस पैसे म्हणा ना! जोरदार बल्बाने हा तोटा भरत नाही. उजेड काचेतच फाकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

असे का होते? आपण काच म्हणतो, पण ती काच नव्हेच. ते पॉलिकार्बोनेट नावाचे कणखर प्लास्टिक आहे. ते सहसा फुटत नाही, पण ऊन त्याला सोसत नाही. म्हणून गाडी बनवणारे त्यावर पातळ लेप देतात. उन्हाने तो लेप विटतो, मग खालचे प्लास्टिकही पिवळे पडते. कंदिलाची काजळी पुसली की जाते. हा पिवळेपणा पुसून जात नाही. त्याची साल काढावी लागते. जुन्या जीपला खरी काच असते. ती मात्र घासू नका.

बाजारातून पाण्यात घासायचा पॉलिश पेपर आणा. त्याच्या पाठीवर आकडा असतो. तुम्हांला आता वाचता येते, तेव्हा स्वतः वाचून घ्या. इथे हिशेब उलटा आहे बरं का! आकडा मोठा तितका कागद बारीक. १०००, २००० आणि ३००० असे तीन घ्या.

गाडी सावलीत लावा. दिवा गार होऊ द्या, मग साबणाने धुवा. भोवतीच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावा. कागद भिजवून, दिव्यावर पाणी सोडत, १००० ने आडवे घासा. पिवळट पाणी गळेल. ते पांढरे होईपर्यंत घासत राहा. हात दुखतो, पण घाई करू नका. इथली कसर पुढे भरून निघत नाही. मग २००० ने उभे, ३००० ने पुन्हा आडवे. आता दिवा ताकासारखा पांढुरका दिसेल. घाबरू नका. मोटारीच्या रंगाला लावतात ते पॉलिश मऊ फडक्याने चोळा, की तो निवळतो.

पुष्कळ जण इथेच थांबतात. कोणी तर नुसती टूथपेस्ट चोळतात. दिवा चकाकतो खरा, पण लेप गेलेला असतो. काही महिन्यांत तो पुन्हा पिवळा पडतो. म्हणून दिव्यासाठी मिळणारा, उन्हाला अडवणारा पारदर्शक लेप आणा. डब्यावर 'यूव्ही' असे असते. दुकानदाराला दाखवायला सांगा. दिवा पुसून कोरडा करा, त्याला बोट लावू नका. तोंडाला फडके बांधून दोन-तीन पातळ हात फवारा. दिवसभर वाळू द्या. दिवा पुसायला थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, प्लास्टिक तडकते. दिव्याच्या आत पाणी साचले असेल किंवा तडा गेला असेल, तर घासून भागत नाही. दिवा बदला.

आधी एकच दिवा करा. रात्री गाडी भिंतीसमोर दहा पावलांवर उभी करा आणि दोन्ही दिव्यांचा उजेड ताडून पाहा. दुसरा दिवा करायला मग कोणी सांगावे लागत नाही.