स्नायूंचा ताठा आणि मज्जातंतूंचे संदेश

कोल्हापूरच्या तालमींतील पहिलवान प्रतिस्पर्ध्याचा हात खेंचतो, तेव्हां त्याच्या दंडाचा पुढचा स्नायू आंखडतो आणि त्याच क्षणीं मागचा स्नायू सैल पडतो. शाहू महाराजांनीं उभारलेल्या खासबाग मैदानांत जमणारे प्रेक्षक बळाला दाद देतात. परंतु बळाइतकेंच हें वेळेवर सैल पडणेंही महत्त्वाचें आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. एक स्नायू आंखडतांना त्याच्या विरुद्ध स्नायूला थोपवून धरणारी व्यवस्था पृष्ठरज्जूंत असते, हें सर चार्ल्स शेरिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. १९३२ सालचें नोबेल पारितोषिक एड्रियन ह्यांच्यासमवेत त्यांना मिळालें.

स्नायू ताणला गेला, कीं त्याची वार्ता मज्जातंतूंवाटे पृष्ठरज्जूस पोंचते व तेथून ‘आंखड’ असा हुकूम सुटतो. गुडघ्याच्या वाटीखालीं हातोडी मारली असतां पाय उडतो, तो ह्याच कारणानें. ह्या हुकुमाला लगाम घालण्याचें काम मेंदूकडून खालीं येणाऱ्या तंतूंकडे असतें. पक्षाघात, जन्माच्या सुमारास मेंदूस झालेली इजा किंवा कण्याचा अपघात ह्यांमुळें हे तंतु निकामी झाले, कीं लगाम सुटतो. मूळ दोष स्नायूंत नसतो; तरी जरासा ताण पडतांच तो आंखडतो, आणि जितक्या वेगानें ताणावा तितका अधिक विरोध करतो. म्हणून रुग्णाचा ताठलेला हात हिसका देऊन सरळ करूं नये; तो सावकाश, धीरानें ताणावा.

हाच लगाम अन्नामुळेंही तुटूं शकतो. विदर्भांत भाताच्या शेतांत पिकणारी लाख किंवा लाखोळी ही डाळ पाण्याच्या टंचाईंतही तग धरते. दुष्काळांत दुसरें कांहीं मिळेनासें झालें, कीं गरिबांच्या पोटांत महिनोन्‌महिने तीच जाते. १९६४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं तिच्यांतील विषारी द्रव्य वेगळें काढलें. मज्जापेशींमधील ग्लूटामेट नामक संदेशवाहकाचें सोंग घेऊन तें पेशींना सतत चेतवितें, आणि अतिचेतनेनें त्या मरतात. रोग्याचे पाय ताठतात, टांचा उचलल्या जातात, गुडघे एकमेकांवर घांसतात. प्रथम एक काठी, मग दोन, आणि शेवटीं रांगणें! बुद्धि व स्पर्शज्ञान मात्र बहुधा शाबूत राहतें. आपली दशा त्याला पुरती कळत असते.

१९६१ सालीं ह्या डाळीच्या विक्रीवर केंद्र सरकारनें बंदी घातली. महाराष्ट्रानें २००८ सालीं ती उठविली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी ह्यांनीं ही डाळ निर्दोष असल्याचें सांगत बंदीविरुद्ध उपोषणें केलीं. बेताच्या प्रमाणांत, इतर धान्यांबरोबर खाल्ल्यास तिचा धोका फार थोडा. ती भरपूर पाण्यांत शिजवून पाणी टाकून दिल्यास विषही घटतें. धोका आहे तो तिच्यावरच जगण्याची पाळी येण्यांत.

बॅक्लोफेनसारखीं औषधें सुटलेला लगाम थोडाफार आवळतात. मेलेली पेशी मात्र परत येत नाहीं. तेथून पुढचें काम माणसांचें. कोल्हापुरांत स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक ह्यांनीं १९८४ सालीं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढून तें काम हातीं घेतलें. पाय ताठले म्हणजे आयुष्य थांबतें असें नाहीं. घरच्या मंडळींनीं एवढें जाणलें, तरी रुग्णाचा निम्मा भार हलका होईल.