ओना जज : मालमत्तेने मांडलेली अट



२१ मे १७९६ रोजी फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे कुटुंब जेवणास बसले असता ओना जज ही २२-२३ वर्षांची गुलाम स्त्री घरातून निघून गेली. तिला शोधून आणणारास १० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. पळून जाण्यास तिला काहीच कारण नव्हते, असेही जाहिरातीत म्हटले होते. कारण होते. मार्था वॉशिंग्टन यांच्या नातीला ती भेट म्हणून दिली जाणार होती.

वॉशिंग्टन यांना दुष्ट ठरवून या प्रकरणाचा उलगडा होत नाही. ओना कायद्याने त्यांची नव्हतीच. ती मार्थाबाईंच्या पहिल्या पतीच्या, कस्टिस यांच्या इस्टेटीची. बाईंना तहहयात उपभोगाचा हक्क, पुढे मालकी वारसांची. आई बेटी गुलाम, म्हणून मुलगीही गुलाम. बाप गोरा शिंपी होता, याला किंमत शून्य. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यान्वये बाहेरच्या मालकाचा गुलाम तेथे सलग सहा महिने राहिला, तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. म्हणून मुदत भरण्यापूर्वी या नोकरांना राज्याबाहेर फिरवून आणले जाई आणि खरा हेतू त्यांना व जनतेला कळू नये, अशी सूचना वॉशिंग्टन यांनी १७९१ मध्ये आपल्या चिटणिसाला पत्राने दिली होती. फरारी गुलामांना पकडण्याच्या १७९३ च्या कायद्यावर स्वाक्षरीही त्यांचीच.

शहरातील स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या मदतीने ओना गलबतावर चढली व न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथला उतरली. कप्तानाचे नाव तिने तो मरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. तेथे तिला एका सिनेटरच्या मुलीने ओळखले आणि जकात अधिकारी व्हिपल यांना तिला परत पाठवण्याचे काम मिळाले. तिने अट घातली : मालक-मालकिणीच्या पश्चात मुक्त करण्याचे वचन द्या, मी येते. वॉशिंग्टन यांचे उत्तर वाचण्यासारखे आहे. गुलामांची क्रमाक्रमाने मुक्तता आपल्याला मान्य असली, तरी बेइमानीला बक्षीस देणे हा निष्ठावंतांवर अन्याय होईल! तत्त्व मान्य, फक्त मागणाऱ्याला ते लागू नाही. हा युक्तिवाद संपकऱ्यांच्या परिचयाचा असावा.

१७९९ मध्ये मार्थाबाईंचा भाचा तिला नेण्यास आला. तेव्हा तिचे लग्न झालेले, नवरा समुद्रावर, पदरी तान्हे मूल. तिने नकार दिला. बळाचा बेत कळताच ती जवळच्या ग्रीनलँड गावी निसटली. तिच्याऐवजी तिची बहीण डेल्फी त्या नातीच्या वाट्याला गेली.

पुढचे आयुष्य दारिद्र्याचे. दोन्ही मुली तिच्या डोळ्यांदेखत गेल्या. म्हातारपणी एका वार्ताहराने विचारले, तिकडच्यापेक्षा कष्ट अधिक पडले, पश्चात्ताप होतो का? ती नाही म्हणाली. २५ फेब्रुवारी १८४८ रोजी ती वारली. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशीही ती कस्टिस वारसांच्या मालकीची होती.